तळहातावरचं नाव

चिनी माणूस आपलं नाव सांगताना पुष्कळदा तळहातावर बोटानं अक्षर गिरवून दाखवतो. नुसत्या उच्चारानं भागत नाही. एकाच उच्चाराची अनेक अक्षरं, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा.

सोलापुरात भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकापाशी आलं, की मला तो तळहात आठवतो. १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावात जन्मलेले कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. त्यांच्या आडनावासाठी जवळच्या उच्चाराची अक्षरं शोधली गेली. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ घेतलं आणि आपले कोटणीस झाले ‘के दिहुआ’.

हे नाव हातावर काढून पाहावं. एक उभी रेघ, तिला छेदणारी आडवी, मग मधूनच दोन्ही अंगांना उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा. बुंधा, फांद्या, मुळं. झालं झाड! ‘के’ आणि ‘दि’ या दोन्ही अक्षरांच्या डाव्या कडेला हेच झाड उभं आहे. उजवा भाग उच्चार सुचवतो. ‘के’ म्हणजे फांदी. ‘दि’ हे एक फुलझाड, जुन्या चिनी काव्यात भावाभावांच्या मायेची खूण. ‘हुआ’ म्हणजे मुळात फूल. पुढे तेच अक्षर चीन देशासाठीही रूढ झालं.

उच्चारासाठी घेतलेल्या त्या अक्षरांचा अर्थ कोटणीसांनी जगून खरा केला. ते चिनी भाषा शिकले, आघाडीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या मुलांना तिथल्याच भाषेत वैद्यक शिकवलं. परक्या मुलखात ते खरोखरच भाऊ झाले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. या ‘यिन’चं सर्वांत जुनं रूप कासवाच्या कवचावर, बैलाच्या हाडांवर कोरलेलं सापडतं: गुडघे टेकलेला माणूस आणि त्याला दाबणारा हात. दाबण्यावरून ठसा, ठशावरून मोहोर, आणि उच्चार जुळतो म्हणून भारत. माणसाला वाकवणारा हात हजारो वर्षांनी एका तान्ह्या बाळाच्या नावात दोन देश जोडायला आला. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, कोटणीस गेले. वय अवघं ३२.

अक्षर कुठून आलं, एवढ्यावर त्याची गोष्ट संपत नाही. ते कुणाच्या हाती पडलं, कशासाठी वापरलं गेलं, यावर ती पुढे सरकते. आपल्यालाही नाव बारशाला आयतं मिळतं. आज घराबाहेर पडताना ते एकदा तळहातावर गिरवावं, आणि तोच हात दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगी पडावा.