वारुळाजवळचे आप्तवाक्य

श्रावणातली झड ओसरून दोन दिवस ऊन पडले, की आमच्या देऊळगाव राजाच्या शिवारात, आमना नदीच्या काठच्या बांधांवर आणि पडीक माळावरच्या वारुळांभोवती, ज्याला पुस्तकांत अळंबी किंवा भूछत्र म्हणतात, पूर्व विदर्भात सात्या म्हणतात, आणि खाण्याजोगे नसले म्हणजे सगळीकडेच कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतात, ते एका रात्रीत वर येते. आणि पहाटे टोपल्या घेऊन निघणाऱ्या चार-सहा जणांच्या घोळक्यात, वयाला न शोभणाऱ्या उत्साहाने, मीही कधी कधी सामील होतो. एकट्याने या कामाला जाऊ नये असा संकेत आहे. त्याचे कारण साप-विंचवाचे भय एवढेच असावे, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. खरे कारण प्रमाणशास्त्राचे निघाले.

अन्य शाकभाजीच्या बाबतीत प्रत्यक्षावर भिस्त ठेवता येते: चाखावे, कडू लागले तर थुंकावे. येथे तो मार्ग बंद आहे. कारण प्राणघातक अमानिटा अळंब्यांचे विष चवीला कळत नाही, शिजवून जात नाही, बहुधा ६ ते २४ तासांनी आपले अस्तित्व जाहीर करते, मध्येच रोग्याला बरे वाटू लागल्याचा भास होतो, आणि त्याच अवधीत यकृत निकामी होत असते. उरते अनुमान. चांदीचे नाणे सोबत शिजवावे, ते काळे पडले नाही तर खुशाल खावे. किंवा गोगलगायीने कुरतडले आहे, त्या अर्थी निर्विष आहे, असे हेतू लोक मोठ्या खात्रीने पुढे करतात. नैयायिकाने ऐकले तर तो या सर्वांना हेत्वाभासाच्या खात्यात जमा करील, आणि नाण्याची परीक्षा मानणाऱ्याला वैद्यसुद्धा वाचवू शकेलच असे नाही.

म्हणून शब्दप्रमाण. आता हा शब्द कोणाचा, हा प्रश्न आमच्यासारख्या गावात जरा अडचणीचा आहे. बालाजीच्या देवळामुळे आणि लाठा-मंडपाच्या उत्सवामुळे ज्याची ख्याती, त्या गावात शास्त्र सांगणाऱ्यांची वाण कधी नव्हती; परंतु मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंक्तीत कवकही द्विजांना वर्ज्य ठरवले, आणि निषेधाचा परिणाम असा, की निषेध करणाऱ्याकडे त्या वस्तूचे ज्ञानही उरत नाही. ते राहिले गुराख्यांकडे, निंदणाऱ्या-खुरपणाऱ्या बायांकडे. आमच्या घोळक्याचा मुखत्यार अशीच एक म्हातारी आहे. तिला आम्ही मावशी म्हणतो, ती मला मास्तर म्हणते.

ती छत्री कधी उपटत नाही. खुरप्याने भोवतालची माती अलगद सारते, आणि दांड्याचे मुळासारखे शेपूट वीतभर खाली वारुळाच्या पोटापर्यंत गेले आहे, याची रुजवात झाल्यावरच छत्री टोपलीत टाकते. कारण या अळंबीची शेती वाळवी स्वतः जमिनीखाली करते आणि ही छत्री म्हणजे त्याच मळ्याचे वर आलेले पीक होय. नागपंचमीला मात्र, समोर कितीही उगवलेले असो, ती खुरप्याला हात लावत नाही. त्या दिवशी वारूळ हे दैवत असते. ही शिस्त मला कित्येक व्रतवैकल्यांहून अधिक धार्मिक वाटते.

न्यायसूत्रावरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगितले आहे: ज्याने वस्तू स्वतः साक्षात् जाणली आहे, आणि जशी पाहिली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो पुढे नमूद करतो. शब्दप्रमाणाचा दाखला देऊन जन्माची उतरंड राखणाऱ्या कित्येकांनी हे वाक्य वाचले नसावे, किंवा वाचून मिटून ठेवले असावे. परंपरा ज्याला चोखोबांचे जन्मस्थान मानते ते मेहुणा राजा आमच्याच तालुक्यात आहे. खडकपूर्णेच्या जलाशयाला आज संत चोखासागर म्हणतात. ज्याचा अनुभव साक्षात्काराचा होता त्याला पंढरीच्या देवळाबाहेर ठेवणाऱ्यांची चूक केवळ निर्दयतेची नव्हती, तर्कशास्त्राचीही होती.

परंतु लक्षणाची दोन्ही अंगे लागतात. पावा नगरीतल्या चुंद लोहाराने बुद्धाला वाढलेले सूकरमद्दव म्हणजे डुकराचे मांस, की डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अळंबी, याविषयी टीकाकारांत प्राचीन काळापासून मतभेद आहे. अळंबी धरली, तर चुंदापाशी सदिच्छा होती, ज्ञान नव्हते. पश्चात्तापाने तो होरपळू नये म्हणून, अखेरचे अन्न देणाऱ्याचे पुण्य मोठे असते असे त्याला सांगा, ही जबाबदारी तथागताने आनंदावर सोपवली. दात्याचा दोष येथे मिटला. अज्ञानाचा परिणाम मिटला नाही.

गेल्या खेपेस बांधाच्या गवतात एक पांढरीशुभ्र, ताटलीएवढी छत्री मला सापडली. मावशीने ती उलटी केली, खालच्या चुण्यांवरची किंचित हिरवट झाक पाहिली, आणि माझ्या हाती परत दिली.

"विषारी आहे का?" मी विचारले.

"ते मले काय ठाऊक, मास्तर. हे मी कधी खाल्लं नाही. मंग तुमाले कसं देऊ?"

एवढे बोलून ती पुढच्या वारुळाकडे वळली.