गाडीखालची जमीन

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आमच्या एका स्तंभलेखक मित्राने सोसायट्यांच्या पार्किंग शुल्काला ‘जिझिया’ ठरवले. फ्लॅट घेताना बिल्डरला तीन लाख वेगळे मोजले, खांबावर माझा फ्लॅट नंबर रंगवला आहे, मग त्याच जागेचे दरमहा भाडे मागणारी कमिटी कोण, असा त्याचा सवाल. लेख खुसखुशीत होता, वाहवाही झाली. मला मात्र वाचताना त्याच्या तीन लाखांची कीव येत राहिली.

कारण बिल्डरने त्याला जे विकले ते बिल्डरचे नव्हतेच. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी हा विषय निकालात काढला. न्या. रा. म. लोढा यांनी लिहिलेल्या त्या निकालानुसार 1963 च्या मोफा (महाराष्ट्र फ्लॅट मालकी) कायद्याखालच्या इमारतीतली स्टिल्टची जागा गॅरेज ठरत नाही. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. पुढे 2016 च्या रेरा कायद्याने छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेले गॅरेज वेगळे काढले, पण उघडे पार्किंग सामाईकातच ठेवले. थोडक्यात, मित्राने तीन लाखांना एक पावती विकत घेतली.

निकाल लागून पंधरा वर्षे झाली, खांबांवरचे आकडे काही पुसले गेले नाहीत. कुठल्याही सोसायटीच्या स्टिल्टमध्ये सकाळी दहाला जाऊन पाहा. गाडी ऑफिसला गेलेली असते आणि तिच्या जागी रंगाचा रिकामा डबा उभा असतो. डब्यात सिमेंट ओतून त्यात लोखंडी दांडा रोवलेला असतो, दांड्याला तांबडी चिंधी. सातबाऱ्यापेक्षा या डब्याचा वचक जास्त. गच्चीवर कुणी असा डबा ठेवला तर एजीएममध्ये रणकंदन होईल, पण स्टिल्टमध्ये सगळे त्याला वळसा घालून जातात.

इथे मला माझ्या आवडत्या माणसाला मध्ये आणायचेच आहे. डोनाल्ड शूप 2025 च्या फेब्रुवारीत वारले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ते नगरनियोजन शिकवत आणि पार्किंगवर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ (2005) लिहिणारा हा माणूस स्वतः सायकलने कामावर जाई. त्यांचे म्हणणे असे की फुकट पार्किंग फुकट नसतेच. त्याची किंमत घरभाड्यात, किराणाच्या बिलात, सिनेमाच्या तिकिटात मुरवलेली असते आणि गाडी नसलेलाही ती भरतो. शूप यांच्यामागे उभे आहेत ते अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हेन्री जॉर्ज. जमिनीचे मोल समाजाने वाढवले, तर त्या वाढीवर हक्क समाजाचा, हे 1879 सालीच सांगणारे.

हे आपल्या मापात बसवून पाहू. आपल्या विकास नियमावलीत एका गाडीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला मिळते ते घर 300 चौरस फुटांचे. सव्वादोन गाड्या लावल्या की एका कुटुंबाचा संसार संपला! आणि एवढी जागा अडवणाऱ्याने दरमहा शे-दोनशे रुपये द्यायचे म्हटले की ‘जिझिया’. आपल्या सोसायट्यांचे आदर्श उपविधी पाण्याच्या बाबतीत मोठे काटेकोर आहेत. पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार वाटायची. गाडीच्या जागेचा दर मात्र सर्वसाधारण सभेवर सोपवला आहे. सभेत बहुमत गाडीवाल्यांचे. दर का वाढत नाही हे वेगळे सांगायला नको.

इतपत लिहून मी लेखणी ठेवणार होतो. पण मग आमच्याच सोसायटीच्या कमिटीने शूप वाचले. निदान कुणीतरी त्यांच्यावरचा व्हिडिओ पाहिला असावा, कारण सूचनाफलकावर ‘जागेला किंमत हवी’ असे परिपत्रक लागले आणि गणपतीत मुक्कामाला आलेल्या मेहुण्यांच्या गाडीपोटी आमच्या मेंटेनन्सच्या बिलात 500 रुपये आले. रकान्याचे नाव ‘गेस्ट ओव्हरनाइट’. एक गाडी जॅमर लावून अडकवलीही.

आता पाहुण्याची गाडी ठेवायचे भाडे घ्या, हरकत नाही. पण दर कुणी ठरवला? सभेने नाही. आणि हा दंड असेल, तर उपविधींत दंडाची रीत स्पष्ट आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाला बाजू मांडायची संधी, मग सभेचा निर्णय. त्या रीतीत जॅमर आणि वॉचमन कुठेच नाहीत. शूप यांचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा. कॅलिफोर्नियातल्या जुन्या पॅसाडिनात 1993 साली पार्किंग मीटर बसले, तेव्हा तिथल्या दुकानदारांनी ते मान्य केले ते एकाच अटीवर. मीटरचा पैसा त्याच भागातल्या फुटपाथांवर आणि गल्ल्यांवर खर्च व्हायचा. शूप यांच्या दृष्टीने सगळी मेख या अटीत आहे. आमच्या परिपत्रकात किंमत आली, परतफेड गळाली.

मला शूपही इथे पुरे पडत नाहीत, हे मात्र लिहितालिहिता जाणवू लागले. त्यांची किंमत रस्त्यासाठी आहे, तिथे जो येईल तो अनोळखी. सोसायटीत शेजारी राहतात. उद्या जागांचा लिलाव केला, तर तीन गाड्यांचा आयटीवाला तिन्ही जागा घेईल आणि निवृत्त शिक्षिकेची जुनी मारुती रस्त्यावर जाईल. आदर्श उपविधी इथे अमेरिकन प्राध्यापकापेक्षा शहाणे निघतात. एका सभासदाला एकच जागा. दुसरी हवी असेल तर ती उरली तरच आणि तीही वर्षापुरती. गाड्या जास्त, जागा कमी, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. भिशीच्या चिठ्ठीवर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी पार्किंगच्या चिठ्ठीला का घाबरावे? खांबावरचा आकडा जाईल, या भीतीनेच ना.

मे 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही. जपानमध्ये असा कायदा 1962 पासून आहे. आपल्याकडे तो उतरला, तर जागेचा दाखला सोसायटीकडूनच मागितला जाणार, आणि रंगाच्या डब्याची जागा सेक्रेटरीच्या शिक्क्याला मिळेल. त्याआधी घर नीट लावावे. दर सभेत ठरवा आणि चांगला चढा ठरवा. जागा चिठ्ठीने द्या. जमलेला पैसा सगळ्यांच्या मेंटेनन्समधून वजा करा, गाडी नसलेल्यांच्याही. दंड मात्र नोटीस आणि सुनावणीशिवाय एक रुपयाचाही नको.

मित्राला माझे उत्तर एवढेच की शुल्क भर, जागा तुझी नाही. कमिटीला उत्तर वेगळे आहे. 500 रुपये मी ‘निषेधासह’ असे लिहून भरले आहेत, कारण थकबाकीवर उपविधी 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावू देतात आणि उपनिबंधकांकडून वसुली दाखलाही आणता येतो. भांडण त्याने संपत नाही, सहकार न्यायालयाचे दार उघडेच राहते. वाचकहो, तुमच्याही बिलात असा नवा रकाना उगवला असेल, तर रकमेवरून वाद घालण्याआधी तो मंजूर करणाऱ्या सभेची तारीख लेखी मागा.