शंकासमाधान : ऋण फेडायचे की मानायचे?

शंका : माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. आम्हा भावंडांना आजीने सांभाळले. आजी थकली तेव्हा ताईने दहावीनंतर शाळा सोडून घर धरले. नगरला डिप्लोमा करताना परीक्षेची फी दोन मित्रांनी भरली. आता मला सुपा एमआयडीसीत नोकरी लागली आहे. पहिला पगार हातात आला आणि आनंदापेक्षा ओझेच जास्त वाटू लागले. एवढ्या जणांचे उपकार कसे फेडू?
— एक तरुण, पाथर्डी तालुका

समाधान : आधी दोन खाती वेगळी करा. मित्रांनी भरलेली फी ही उसनवारी आहे. ते ‘राहू दे रे’ म्हणतील, तरी परत करा. उद्या त्यांनाही गरज पडेल. घरावर जुन्या उचलीची बाकी असेल तर ती उतरवायलाही हात लावा. बाकी राहिली की पुढच्या हंगामात कोयता पुन्हा हाती घ्यावाच लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

उरते ते ऋण. तैत्तिरीय संहितेत तीन जन्मजात ऋणे सांगितली आहेत. ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. यातले एकही ऋण पैसे मोजून फेडायला सांगितलेले नाही. शिकावे, अर्पण करावे, पुढची पिढी वाढवावी, हीच त्यांची फेड. तेव्हा आईच्या उन्हातल्या दिवसांची किंमत काढत बसू नका. ती निघणार नाही, आणि तिने ती मागितलेलीही नाही.

पण तुमच्या पत्रातले एक वाक्य मला पुन्हा वाचावे लागले. ताईने शाळा सोडली. तिला साडी घ्याल, ती घ्याच. पण त्याआधी तिला एकदा विचारा, ‘पुढे शिकायचे आहे का?’ हो म्हणाली तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येते. तो फॉर्म तुम्ही भरून द्या, पुस्तके तुम्ही घ्या, आणि सुट्टीला गावी गेलात की चुलीपुढे तुम्ही बसा. तिचे जे थांबले ते पुन्हा सुरू व्हावे, एवढे तुमच्या हातात आहे.

शंका : माझे नर्सिंगचे शिक्षण झाले असून पुण्यात नोकरी मिळते आहे. घरी म्हणतात, आधी लग्न. मी नाही म्हटले तर आई म्हणाली, ‘शिकवल्याचे चांगले पांग फेडलेस!’ मी कृतघ्न आहे का?
— एक तरुणी, श्रीगोंदा तालुका

समाधान : नाही. उपकाराची जाणीव ठेवणे म्हणजे आपला निर्णय गहाण टाकणे नव्हे. भागवताच्या सातव्या स्कंधातला प्रल्हाद आठवा. त्याने पित्याची आज्ञा मानली नाही. पण नृसिंहाने वर माग म्हटल्यावर त्याने पित्याचाच उद्धार मागितला. विरोध होता, द्वेष नव्हता. तुमचे आईवडील काही हिरण्यकशिपू नव्हेत. त्यांना काळजी आहे, आणि भावकीत काय बोलतील याची धास्तीही. म्हणून नकार द्या, पण अबोला धरू नका. वडिलांना पुण्याला नेऊन राहण्याची जागा आणि दवाखाना दाखवा. लग्नाला किती दिवस थांबायचे ते मोकळेपणाने बोला आणि शब्द दिलात तर पाळा. शिकवल्याचे पांग रुग्णाच्या उशाशी उभे राहून फिटतात. मनाविरुद्ध मांडवात उभे राहून नव्हे.

शंका : घरच्यांचे आणि मित्रांचे आभार मानले की ते परकेपणाचे वाटते. मनात असले म्हणजे पुरे नाही का?
— एक विद्यार्थी, राहुरी

समाधान : पुरे नाही. नेवासे तुमच्यापासून लांब नाही. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी तिथे पूर्ण झाली. जन्मशक 1197 धरला तर ज्ञानोबा तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे, जवळपास तुमच्याच वयाचे. आईबापाचे छत्र हरपलेले आणि वर्षानुवर्षे वाळीत काढलेली. एवढे सोसून एवढा ग्रंथ हातून झाल्यावर ‘मी केले’ म्हणायचा मोह कोणालाही झाला असता. त्यांनी अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आदिनाथांपासूनची नाथपरंपरा सांगितली आणि सारे श्रेय निवृत्तिनाथांना दिले. निवृत्तिनाथ गुरू खरे, पण सख्खे थोरले भाऊसुद्धा. घरच्या माणसाचे काय आभार मानायचे, असे ज्ञानोबांना वाटले नाही. समोर बसलेल्या श्रोत्यांनाही त्यांनी जागोजागी मोठेपणा दिला. लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव तर शेवटच्या ओवीतच आहे, म्हणून सात शतकांनंतरही ते आपल्याला ठाऊक आहे.

‘थँक्यू’ घरात अवघड वाटत असेल तर म्हणू नका. नाव घेऊन, काय केले ते सांगा : ‘आजी, तू पहाटे उठवलेस म्हणून मी पास झालो.’ चार माणसांत सांगितलेत तर आणखी चांगले. आपल्याकडे दशक्रियेच्या दिवशी घाटावर श्रद्धांजलीची भाषणे होतात. तिथे सांगितलेली कृतज्ञता गावाला ऐकू जाते, ज्याची त्याला नाही. तेव्हा ज्यांना सांगायचे आहे, त्यांना याच आठवड्यात सांगा.