आदल्या दिवशीचं लोणी

बोईसर स्टेशनवरून एमआयडीसीकडे निघालं की रंगांच्या आणि औषधांच्या कारखान्यांचा वास आधी भेटतो, कारखाने नंतर. बाहेरच्या जगाला हा भाग १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे माहीत. इथल्या घराघरांतल्या चुली मात्र पेटतात त्या लहानमोठ्या शेडांवर. अशाच एका शेडमध्ये प्लास्टिकचं मोल्डिंग चालायचं. फूड प्रोसेसरची झाकणं, नॉब, किसणीच्या चकत्या. शेठ कामाला पक्का, पैशाला घट्ट आणि गोष्टी सांगायची भारी हौस असलेला.

एका कंपनीने त्याच्याकडे फेटायची अटॅचमेंट मागितली. शेठने ते काम डिप्लोमा करून नुकत्याच लागलेल्या पालघरच्या पोराकडे सोपवलं.

पोरगा हुशार होता, हे आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत मूर्ख कुणीच नाही. प्रोसेसरच्या भांड्यात मधोमध दांडा असतो. त्याच्यावर नुसती भोकांची चकती बसवली, तर पातळ पदार्थ कडेला फेकला जातो आणि भिंत धरून चकतीबरोबर निवांत फिरत राहतो. फेस यायला पदार्थाला तारांचे फटके बसावे लागतात, नुसतं सोबत फिरून भागत नाही. म्हणून पोराने दांड्यावर एक आडवा हात बसवला, त्याच्या दोन टोकांना तारांचे दोन बीटर लटकवले आणि गिअर असे जुळवले, की हात संथ फिरावा आणि बीटर स्वतःभोवती जोरात. चाल काही नवी नाही. इंग्लंडातल्या केनेथ वूडचा १९५० सालचा केनवुड शेफसुद्धा असाच दुहेरी फिरायचा. पण पोराने हिशेब आपला आपण केला. तारा तळापासून इतक्या कमी अंतरावर ठेवल्या, की एकाच अंड्याचा पांढरा बलकही त्यांच्या तावडीतून सुटू नये.

चाचणी झकास झाली. अंड्याचा पांढरा बलक म्हणजे जवळजवळ नऊ भाग पाणी आणि उरलेलं बहुतेक प्रथिन. तारांच्या माराने या प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती त्यांचा पापुद्रा धरतो. फेस एवढा घट्ट आला, की पोराने शेठच्या टेबलावरच्या चलनांवर भांडं उलटं धरलं. थेंब पडला नाही. शेठ आधी दचकला, मग खूश झाला.

नमुने कंपनीच्या माणसांच्या घरी गेले, आणि पंधरवड्यात तक्रारी आल्या. पहिल्यांदा छान फुगतं, पुढे कधी फुगतं, कधी नुसतं पांढरं पाणी.

पोराने गिअरचे दाते बदलून वेग वाढवला. मग तारा वाढवल्या. मग तारेचा बाक बदलला. दर वेळी शेडमध्ये फेस ताठ उभा राहायचा आणि घरी गेला की बसायचा. त्याने व्होल्टेजवर संशय घेतला, अंड्यांच्या ताजेपणावर घेतला, शेवटी वापरणाऱ्यांच्या अकलेवर घेतला. तिथपर्यंत आलेला माणूस थकलेला असतो.

शेठने त्याला समोर बसवून आपली आवडती गोष्ट ऐकवली. सीमेन्समध्ये इंजिनीअर असलेले सत्यप्रकाश माथुर. घरी ब्राउनचा जर्मन मिक्सर, आणि तो आपल्याकडच्या वाटणाला टिकला नाही. तेव्हा या गृहस्थांनी सुमीत मिक्सर आणला, पुढे तो घरोघरी गेला. ‘‘जर्मन लोकांचं चुकलं कुठे सांग. मशीन चांगलंच होतं. त्यांच्याकडे कुणी हळकुंड टाकून बघितलं नव्हतं, एवढंच.’’ शेठ ही गोष्ट नव्या माणसाला हमखास सांगायचा. स्वतःच्या शेडकडे बघताना ती त्याला कधी आठवली नव्हती, ही गंमत वेगळी.

पॅकिंगला एक मावशी होत्या, केळव्याहून यायच्या. एक नमुना त्यांच्याही घरी गेला होता. सोमवारी त्यांनी तो पिशवीतून काढून पोराच्या टेबलावर ठेवला.

‘‘साहेब, हे उघडतं का?’’

‘‘उघडायचं कशाला, मावशी? आत काही नाही. तारा थेट प्लास्टिकमध्ये बसवल्यात.’’

मावशींनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली. तार जिथे प्लास्टिकच्या बोंडात शिरते तिथे टोक घातलं, जरा फिरवलं आणि हळूच ओढलं. पिनेला पिवळट, दोऱ्यासारखा बारीक ओघळ लागून आला. त्यांनी तो पोराच्या बोटावर ठेवला. पोराने चोळून बघितलं. लोणी.

‘‘शनिवारी आठवड्याची साय फेटली. छान गोळा आला, हाताचं काम वाचलं. रविवारी नातवाला केक करायला घेतला, तर अंडं उठेचना. दोनदा धुतलं हो, गरम पाण्याने. तुमचं काम फेस आला की संपतं. आमचं मोरीपाशी संपतं.’’

पोराच्या डोक्यात सगळं धडाधड जुळलं. अंड्याच्या फेसाचा स्निग्धाशी उभा दावा. बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रथिनाला बसायला जागा हवी असते. तुपालोण्याचा अंश मधे घुसला, की ती जागा अडते आणि पापुद्रा धरत नाही. बोंडाचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, स्टीलला चिकटून धरत नाही, नुसतं आवळून बसतं. तार फेटताना लवते, तोंडाशी केसाएवढी फट पडते आणि म्हशीच्या दुधाची जाड साय त्या फटीत जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी ती तिथून थोडी थोडी पाझरते. शेडमधला नमुना मात्र जन्मभर अंडंच फेटत आला होता. क्रीमची चाचणीही झाली होती, पण ती वेगळ्या, कोऱ्या नमुन्यावर. निकाल एकात एक मिसळू नयेत म्हणून पोरानेच तशी शिस्त घातली होती.

आपल्याकडच्या घरात ही शिस्त कोण पाळतो? एकच अटॅचमेंट, शनिवारी साय, रविवारी अंडं, मधल्या वारी ताक.

उपाय त्याला संध्याकाळपर्यंत सुचला. बोंड दोन भागांचं करायचं, पिळून उघडणारं, तारांचा झुबका अख्खा बाहेर येणारा. पण त्यासाठी साचा पुन्हा कापावा लागणार होता आणि प्रत्येक नगामागे खर्च वाढणार होता. शेठने आकडा ऐकून चष्मा काढला. बराच वेळ तो भाव पाडायच्या सुरात बोलत राहिला: धुण्याच्या सूचनेचा कागद टाकू, ब्रश फुकट देऊ. पोराने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, ‘‘शेठ, हळकुंडाऐवजी जर्मन लोकांनी डब्यात कागद टाकला असता तर?’’

शेठ चिडला. मग हसला. मग टूलरूमला फोन लावला.

नव्या साच्याच्या आधी पोराने चाचणीचा तक्ता बदलला. ‘नवीन नमुना, अंडं’ ही ओळ राहिली, पण तिच्याखाली आणखी एक आली: आदल्या दिवशी साय फेटलेला, घरच्या साबणाने मोरीत धुतलेला नमुना, अंडं. धुण्याचं काम मावशींकडे. त्यांनी एकच अट घातली, की घासताना कुणी शेजारी उभं राहून शिकवायचं नाही.

महिनाअखेरीला अकाउंटंट बिलं घेऊन शेठसमोर आला. म्हशीचं दूध, साय, अंडी, भांड्याचा साबण. हे कच्च्या मालात धरायचं की कँटीनमध्ये, हे त्याला कळत नव्हतं.

शेठ म्हणाला, ‘‘टूलरूममध्ये टाक. आणि निघालेल्या लोण्याचं काय होतं, तेही जरा मावशींना विचार.’’