धूर गेला कुठे?



आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ दुकानांना पाव-बिस्किटे पुरवतात. त्यांनी आपले दोन डिझेल टेम्पो विकले आणि विजेवर चालणाऱ्या तीनचाकी गाड्या घेतल्या. रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी चार लोकांदेखत त्यांचे कौतुक केले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "फादर, उगाच मोठेपणा देऊ नका. निसर्गाचा विचार वगैरे काही नव्हता. डिझेल परवडेना, म्हणून केले."

मला सेमिनरीतील दिवस आठवले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात इमॅन्युएल कांट या जर्मन विचारवंताच्या १७८५ सालच्या ग्रंथातील एक दुकानदार आम्हाला भेटला होता. हा दुकानदार लहान मुलालाही योग्य भावानेच माल देतो. का? कारण नाव खराब झाले तर धंदा बसेल. कांट म्हणतो, त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी केलेले नाही. परीक्षेत मी कांटची बाजू घेऊन चांगले गुण मिळवले. आता चाळिशी उलटल्यावर, लोकांचे संसार आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्या जवळून पाहिल्यावर, मला तो दुकानदार इतका हलका वाटत नाही. मुलाची फसवणूक झाली नाही, हे काय थोडे आहे?

आमच्या गृहस्थांचा हिशेब तर अगदी सरळ आहे. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी साधारण एक तृतीयांश शक्तीच कामी येते. बाकीची उष्णता होऊन हवेत जाते. विजेची मोटर मिळालेल्या विजेपैकी ८० ते ९० टक्के शक्ती कामाला लावते. ऑइल बदलणे नाही, फिल्टर नाही, पंप-नोझलची दुरुस्ती नाही. गाडी घेताना पैसे जास्त जातात, बॅटरीची धास्ती असते. पण रोज ठरावीक फेऱ्या मारणाऱ्याला ते वसूल होतात. शिवाय पहाटे गल्लीत गाडी आली तरी कोणाची झोपमोड होत नाही. यात पाप ते काय? स्वार्थ आणि शेजाऱ्याचे भले एकाच गाडीत बसून जात असतील, तर त्यांना जाऊ द्यावे.

पण कांटच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभे होते. त्याला फसवले असते, तर चार दिवसांत बोभाटा झाला असता. विजेच्या बाबतीत ज्याला किंमत मोजावी लागते, तो समोर नसतो. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला असतो.

हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी घडून गेले आहे. मुंबईच्या कापड गिरण्या वाफेवर चालत. कोळसा दूरच्या खाणींतून आणायचा, साठवायचा, बॉयलर सांभाळायचे, आणि सगळ्या वस्तीने धूर गिळायचा. सह्याद्रीच्या पावसावर वीज करावी, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. ते १९०४ साली वारले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीत उतरवून वीज निघाली ती १९१५ साली. गिरण्यांचा फायदा झाला, शहराचाही झाला. मग आणखी वीज हवी झाली, आणि मुळशीत धरण बांधायचे ठरले. तेथील मावळ्यांच्या भातशेतीला आणि गावांना जलसमाधी मिळणार होती. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. मोबदला घ्यायला सावकार राजी झाले. शेत कसणारा मात्र हटेना. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. त्यांनी तुरुंगवास भोगला, लढा हरला, पाणी पसरले, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज वाहू लागली. गिरणीमालकांनी मुळशीकरांचे वाईट चिंतले होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या वहीत मुळशी हा रकानाच नव्हता.

आपल्याच जिल्ह्यातले पाहा. डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ साली सुरू झाले. वीज मुंबईच्या उपनगरांना, आणि राखेची व धुराची भीती चिकूच्या बागांना. बागाईतदारांनी आणि पर्यावरणप्रेमींनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा तेथे २००७ साली बसली, म्हणजे केंद्र सुरू झाल्यावर बारा वर्षांनी. भांडणारे कोणी नसते तर?

आजही आपल्या देशातील दहा युनिटांपैकी सुमारे सात युनिटे कोळशातून येतात. म्हणून विजेची गाडी हे ढोंग आहे, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. डिझेल इंजिन म्हातारे होईल तसा जास्तच धूर ओकते. उलट वीज सूर्य-वाऱ्यापासून जितकी अधिक होईल, तितकी तीच गाडी आपोआप स्वच्छ होते. आणि गल्लीतील दमेकरी आजीला आज श्वास हवा आहे. मात्र स्वार्थ जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतच त्याचे पुण्य. त्यापुढे, जिथे आपल्याला नफाही नाही आणि तोटाही दिसत नाही, तिथे कांटचा दुकानदार आपल्याला उपयोगी पडत नाही. तिथे कांटच खरा ठरतो.

हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे फादर, शेडच्या पत्र्यावर सोलर बसवायला सांगताय."

मी म्हटले, "तेवढेच नाही. डिझेल गाड्यांवर तुमच्याकडे एक मेकॅनिक यायचा. त्याचे आता काय चालले आहे?"

त्यांनी डोके खाजवले. गेल्या आठवड्यात कळले, सोलरवाल्याकडून भाव काढला आहे. मेकॅनिककडे जायचे अजून राहिले आहे.