सुईचे कूळ



वारीला निघताना पडशीत काय भरावयाचे हे वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. टाळ, हरिपाठाची पोथी, गोपीचंदन, बुक्क्याची पुडी, आणि एका कोपऱ्यात चिंधीला टोचून ठेवलेली सुई. धोतर कोठे फाटेल, पताकेचा काठ कोठे उसवेल, याचा काय नेम? वस्तू दिसायला एवढीशी. पण तिच्या नावाचे कूळ पाहू गेले तर थेट वेदांची दारे ठोठवावी लागतात. आज आम्ही वाचकांना त्याच वाटेने चार पावले नेणार आहोत.

सुई हा शब्द संस्कृत 'सूची'पासून आला. प्राकृतात मधला 'च' गळाला, 'सूई' उरली, आणि मराठीने ती उचलली. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका नावाच्या देवतेची प्रार्थना आहे. तिने न तुटणाऱ्या सूचीने आपले काम शिवावे, असे ऋषी म्हणतो. ऐन टाक्यात सुई मोडली म्हणजे जिवाची कशी चिडचिड होते, हे ज्या मायबहिणींनी अनुभवले आहे त्यांना या मागणीची थोरवी वेगळी सांगावयास नको!

मग 'सूची' हे नाव तरी कोठून आले? येथे दोन मते आहेत, आणि आमच्या मते सगळी गंमत येथेच आहे. एक मत असे की, 'सिव्' म्हणजे शिवणे, या धातूशी तिचे नाते आहे. 'सूत्र' हा शब्दही याच धातूचा. ब्रह्मसूत्रातले सूत्र आणि आपल्या घरातले सूत ही एकाच घराण्याची लेकरे होत. दुसरे मत तिला 'सूच्' धातूकडे नेते. पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थ काय दिला आहे म्हणाल? 'पैशुन्य'. पैशुन्य म्हणजे चहाडी! अमरकोशात तर 'सूचक' हा शब्द 'कर्णेजप' या शब्दाच्या पंगतीला बसविला आहे. कर्णेजप म्हणजे दुसऱ्याच्या कानाशी लागून कुजबुजणारा. नामजप करणाऱ्यांच्या मेळ्यात असा कर्णजप करणाराही एखादा सापडतोच, नाही का?

पुढे सूचक, सूचना, सूचित हे शब्द सभ्य झाले. गाथेच्या शेवटी अभंगांची सूची असते. हवा तो अभंग कोणत्या पानावर आहे, ते ती नेमके दाखविते. तेव्हा टोचणे, दाखविणे आणि चहाडी करणे हे सगळे एकाच शब्दाच्या पोटात. चहाडखोरही दाखविण्याचेच काम करतो; मात्र त्याला कापड दिसत नाही, फक्त छिद्र दिसते. भगवंतांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना अहिंसा, सत्य, अक्रोध यांच्याच ओळीत 'अपैशुन' हा गुण बसविला आहे, आणि माउलींनी त्यावर ओव्या लिहिल्या आहेत. चहाडी न करणे याला भगवंत हिंसा न करण्याच्या शेजारी बसवितात, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? उपास मोडला तर आपण हळहळतो. विहिरीवर उभे राहून दुसऱ्या दिंडीची उणीदुणी काढली, तर त्याचे काहीच वाटत नाही.

'सूच्यग्र' शब्द तर महाभारताने कायमचा करून ठेवला. श्रीकृष्ण शिष्टाईला गेले असता, तीक्ष्ण सुईच्या टोकाने टोचली जाईल एवढीही भूमी पांडवांना देणार नाही, असे दुर्योधनाने बजावले. पुढच्या युद्धात द्रोणाचार्यांनी जयद्रथाला वाचविण्यासाठी व्यूहाच्या आत सूचीव्यूह रचला. तोही कामास आला नाही. पंचतंत्रात सूचीमुख नावाचा पक्षी आहे. थंडीने कुडकुडणारी माकडे विस्तव समजून भलतेच काही फुंकीत बसली होती. हा त्यांना पुनःपुन्हा शहाणपण सांगावयास गेला आणि प्राणास मुकला. आम्हा प्रवचनकारांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी अशी आहे.

जाता जाता एक खुलासा. सुईण हा शब्द ऐकून तो सुईवरून आला असे कोणाला वाटेल. तसे नाही. तो 'सू' म्हणजे प्रसवणे या धातूच्या घराण्यातला; सूतिका त्याची आजी. नुसत्या ध्वनीवरून सोयरीक जुळवू नये.

पण मराठीत एक सोयरीक अशी जुळली आहे की ती नुसत्या ध्वनीची असूनही सोडवत नाही. सुईचे काम ते 'शिवणे'. प्राकृतात ते 'सिव्वइ'. आणि अंगाला स्पर्श करणे तेही 'शिवणे'. ते प्राकृत 'छिवइ'वरून आले. दोन निराळे झरे, पण मराठीच्या पात्रात एक झाले. म्हणून आपल्याकडे शिवणही झाली आणि शिवाशिवही झाली. एका शब्दाने दोन तुकडे जोडले, त्याच शब्दाने माणसे तोडली.

आमचे नामदेवराय शिंप्याच्या कुळातले. कात्री, गज, सुई, दोरा ही घरची हत्यारे त्यांनी भक्तीच्या बोलण्यात आणली. ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत, त्यांतही ती आढळतात. परंतु त्यांनी घातलेला सर्वांत मोठा टाका कापडावरचा नव्हे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. ते साल १३३८ सांगतात. नामदेवराय तेथे गेले. ढिगाऱ्यात अस्थी कोणाच्या हे कसे ओळखावे? परंपरा सांगते की, एकेक हाड उचलून ते कानाशी नेत गेले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून बाजूला काढीत गेले. येथेही कान आहे, येथेही कुजबूज आहे! ज्याची सावली टाळीत होते, त्याच्या अस्थी त्यांनी हातांनी वेचल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. पुढे स्वतःला जागा घेतली तीही तेथेच, पायरीखाली.

आषाढीला आपण नामदेव पायरीवर डोके टेकतो. समोर चोखोबांची समाधी असते. ज्यांना त्या पायरीच्या आत पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्या बांधवांसाठी साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा देवाचे दार त्यांना उघडले. समाधीपासून दारापर्यंतचे अंतर काही पावलांचे आहे. १३३८ पासून मोजले तर ते ओलांडावयास ६०९ वर्षे लागली.