किडीची पहिली खबर

नारायणगावपासून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, तीस तबकड्यांच्या रेडिओ दुर्बिणीचं ठाणं आहे. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचा क्षीण संदेश या तबकड्या टिपतात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आसपासच्या शाळांची मुलं इथं आपापले प्रयोग मांडतात आणि गावोगावची माणसं ते बघायला लोटतात. विज्ञान लोकांत नेण्याचा एवढा मोठा उत्सव खेड्यात भरतो, याचा या भागाला अभिमान वाटावा हे रास्तच आहे. तरी एक गोष्ट खटकते. आभाळाकडे कान लावून बसलेल्या या तबकड्यांच्या आसपास जी शेतं आहेत, तिथल्या पानांवर काय चाललंय याची चर्चा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते: फवारणीच्या औषधांच्या दुकानात, काउंटरवर. सांगणारा विकणारा असतो, आणि ऐकणारा हमखास पुरुष.

२०१४ च्या ऑक्टोबरात पुणे जिल्ह्यात टोमॅटोवर एक नवी अळी आढळली. भारतातल्या तिच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. तिचं शास्त्रीय नाव टुटा ॲबसोल्युटा. शेतकरी नुसतं ‘टुटा’ म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेची. २००६ साली स्पेनमध्ये उतरली आणि आठ वर्षांत आपल्या दारात आली. पतंग जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा, करड्या रंगाचा, दिवसा पानाआड दडून बसणारा. त्याला पाहून कुणी घाबरणार नाही. काम करते ती अळी. पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधे ती शिरते आणि मधला हिरवा गर खाते. दोन्ही साली शाबूत राहतात. पान उन्हाकडे धरलं की कागदासारखा पारदर्शक डाग दिसतो, त्यात विष्ठेचे काळे कण आणि एका कडेला डोक्यामागे काळसर पट्टी असलेली इवलीशी अळी. आपल्याकडची जुनी नागअळीही पान पोखरते, पण तिची वाट अरुंद आणि वळणावळणाची असते. टुटाचा डाग ऐसपैस पसरतो. अळी मोठी झाली की फळात शिरते, बहुधा देठाजवळून, आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक ठेवून जाते. आडतीवर माल नाकारला जातो तो या भोकामुळे.

आता प्रश्न असा की पान उन्हाकडे धरून बघतं कोण?

टोमॅटोची सुतळीनं बांधणी, खुरपणी, तोडणी ही कामं बायकांची. त्यांतल्या कितीतरी जणी पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून मजुरीला आलेल्या असतात. सरीत वाकून दिवसभर झाडाच्या कमरेइतक्या उंचीवर ज्यांचं तोंड असतं, त्यांना पानाची मागची बाजू आपोआप दिसते. मालकाला शेत बांधावरून दिसतं. बांधावरून दिसायला लागेपर्यंत किडीची दुसरी पिढी सुरू झालेली असते. म्हणजे किडीची पहिली खबर असते मजूर बाईकडे, आणि तिला ती कुणी विचारत नाही. तिनं आपण होऊन सांगितली तर ‘बघू’ म्हणतात. संध्याकाळी मालक दुकानात जातो तेव्हा त्याच्याजवळ सांगायला एवढंच असतं की ‘पानं खराब झालीत’. एवढ्या माहितीवर दुकानदार जे देईल ते दोन्ही अळ्यांना सारखंच लागू असतं, म्हणजे बहुधा कुणालाच नीट नाही.

कामगंध सापळ्याचंही तसंच. मादीच्या वासासारखा कृत्रिम वास लावलेला हा सापळा फक्त नरांना ओढतो. अंडी घालणारी मादी त्यात येत नाही. त्यामुळे एकरी चारदोन सापळे टांगले म्हणजे कीड संपली असं होत नाही. सापळ्याचा खरा उपयोग मोजण्याचा आहे. रोज किती पतंग पडले हे लिहून ठेवलं तर कीड कधी वाढायला लागली ते वेळेवर कळतं. पण ते मोजायचं कुणी आणि लिहायचं कुठे? सापळा विकताना हा प्रश्न निघत नाही.

कीटकविज्ञान लोकांपर्यंत न पोहोचण्याची किंमत काय असते, ते २०२० च्या उन्हाळ्यात दिसलं. शेजारच्या अकोले-संगमनेर पट्ट्यात टोमॅटोच्या फळांवर निरनिराळ्या रंगांचे चट्टे पडू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. टीव्हीवरून बातमी अशी गेली, की जणू टोमॅटो खाल्ल्यानं माणसाला कोरोनापेक्षा भयंकर काही होणार आहे. टाळेबंदीत आधीच पडलेला भाव आणखी कोसळला. वास्तविक झाडाच्या अशा विषाणूंची माणसाला बाधा होत नाही. मावा, पांढरी माशी, फुलकिडे हे रस शोषणारे कीटक ते या झाडावरून त्या झाडावर नेतात. एवढी साधी गोष्ट सांगायला भाषा होती, माणसं होती, संस्था होत्या. सांगण्याची सवय मात्र नव्हती.

कीटकांचा अभ्यास करणाऱ्या स्त्रियांचा गौरव करायचा म्हटलं की हल्ली एक ठरीव साचा आहे. ‘पहिली महिला’ शोधायची, फोटो लावायचा, शाल-श्रीफळ द्यायचं. मला तो पुरेसा वाटत नाही. त्यांतल्या दोघींनी काम कसं केलं हे पाहिलं तर जास्त हाती लागतं.

मारिया सिबिला मेरियन ही जर्मनीत जन्मलेली चित्रकार. अळ्या-किडे चिखलातून आपोआप उपजतात असं युरोपात अजून पुष्कळजण मानत होते, त्या काळात ती अळ्या घरी पाळून त्यांचं फुलपाखरू होईपर्यंतची चित्रं काढत असे, आणि प्रत्येक अळी तिच्या खाण्याच्या झाडावरच दाखवत असे. १६९९ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. १७०५ मध्ये तिचं सुरिनामच्या कीटकांवरचं पुस्तक निघालं. त्यात एक झाड आहे, आपल्याकडे अंगणात हौसेनं लावतात तो शंकासुर. त्याच्या बिया गुलाम बायका गर्भ पाडायला वापरतात, आपली मुलं गुलामीत जन्मू नयेत म्हणून, हे त्या बायकांनीच सांगितल्याचं मेरियननं लिहून ठेवलंय. जंगलातून किडे आणि झाडं आणून देणारी, त्यांची माहिती सांगणारी माणसंही तिथलीच होती. मेरियनचं मोठेपण यात आहे की तिनं त्यांना विचारलं आणि विचारल्याचं लपवलं नाही. उणेपणही तिथंच आहे: सांगणाऱ्या त्या बायकांची नावं पुस्तकात नाहीत. मेरियनचं चित्र आज संग्रहालयांत आहे. त्यांची आठवण झाडापुरतीच उरली.

दुसरी इंग्लंडची एलिनॉर ऑर्मरॉड, जन्म १८२८. शाळा-कॉलेजचं तोंड न पाहिलेली जमीनदाराची मुलगी. १८७७ पासून वीसहून अधिक वर्षं ती दरसाल किडींचा अहवाल काढत राहिली. तो तयार व्हायचा पत्रांवर. शेतकरी, माळी, बागवान आपल्याकडे कोणता किडा आला, कधी आला, काय केल्यावर गेला हे तिला लिहून कळवायचे, डबीत किडे पाठवायचे. ती ओळख पटवून उत्तर द्यायची आणि सगळ्यांचं मिळून छापायची. लोकांना विज्ञान सांगणं हे तिच्या बाबतीत संशोधन झाल्यावरचं काम नव्हतं, तेच संशोधन होतं. १९०० मध्ये एडिंबरा विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली, त्या विद्यापीठानं स्त्रीला दिलेली पहिली. आरती ओवाळण्याआधी हेही सांगायला हवं, की फळबागांवर आर्सेनिकयुक्त ‘पॅरिस ग्रीन’ फवारा असा प्रचार तिनंच हिरिरीनं केला आणि चिमण्या मारण्याची मोहीमही चालवली. अभ्यासक बाई असली म्हणून विष सौम्य होत नाही.

आपल्याकडेही नावं आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोच्या डॉ. चंदीश बल्लाळ यांनी मित्रकीटकांवर आयुष्य घातलं. २०१८ मध्ये मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी देशात आली तेव्हा त्या संस्थेच्या प्रमुख त्याच होत्या. अशाच एका मित्रकीटकाचं, उसाच्या पानाला टाचायचं ट्रायकोकार्ड आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्या कार्डावरच्या हजारो अंड्यांमधून निघणारी गांधीलमाशी एक मिलिमीटरहूनही लहान असते आणि खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या केंद्रात डॉ. अपर्णा कलावते पतंगांचं वर्गीकरण करतात. बंगळूरला दीपा आगाशे पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यावर उत्क्रांतीचे प्रयोग करतात. तोच भुंगेरा, जो चाळणीत दिसला की आपण पीठ उन्हात टाकतो. पैकी एकीचंही नाव शाळेच्या भिंतीवरच्या शास्त्रज्ञांच्या तक्त्यात सापडणार नाही. तक्ता बदलायला हवाच. पण तक्ता बदलून सरीतल्या बाईला कुणी विचारायला लागेल, असा माझा तरी भरवसा नाही.

जुन्नरला याचा एक अनुभव आहे, फक्त तो किड्यांचा नाही. या तालुक्यात बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडले जात होते, त्या काळात विद्या अत्रेय यांनी अभ्यास करून दाखवलं की त्यामुळे माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढतात. हे गावागावांतून ऐकून-सांगूनच उभं राहिलं. बिबट्याच्या बाबतीत ते जमतं, कारण त्याची बातमी होते. काजव्यांचीही होते: पावसाच्या तोंडावर भीमाशंकरच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकतात तेव्हा गाड्या लागतात, आणि गाड्यांच्या दिव्यांत काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसेनासे होतात. काजव्याची अळी ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढते, हे बघायला अर्थातच कुणी येत नाही.

हुमणीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. पहिला वळीव पडला की संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतात. त्या चारआठ रात्रींत फांद्या हलवून ते गोळा केले, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकले तर पुढचा बराच ऊस आणि भुईमूग वाचतो. पण एकट्यानं करून भागत नाही, कारण शेजारच्या बाभळीवरचा भुंगेरा बांध ओळखत नाही. सारं गाव एकाच वेळी उठलं तरच उपयोग. कीटकविज्ञान लोकांत न्यायचं ते अशासाठी. हौसेचा किंवा प्रबोधनाचा भाग त्यात आहेच, पण ते लोकांत असल्याशिवाय चालतच नाही.

आणि कीटक म्हणजे नुसती कीड नव्हे, हेही तिथंच कळतं. टोमॅटोच्या फुलातले पराग एका बंद नळीत असतात. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची रानमाशी त्या नळीला घट्ट मिठी मारते आणि न उडता नुसते छातीचे स्नायू थरथरवते; गुणगुण एकदम चढते आणि पराग भुरभुरतात. मधमाशीला हे जमत नाही. फूल आपलं आपणही फळ धरतं, पण या थरथरीनं फळधारणा सुधारते. सकाळी फुलं उमललेली असताना फवारणी केली की ही मजूर माशी फुकटात मरते. ती गुणगुण रोज ऐकणाऱ्या बाईला तिचा अर्थ माहीत असता, तर मालकाला ‘आत्ता नको, संध्याकाळी मारा’ असं तीच म्हणाली असती.

राज्यात पिकांवरच्या कीड-रोगांच्या सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प २००९ पासून चालला आहे. सर्वेक्षक शेतात जातात, नोंदी करतात, सल्ला मोबाइलवर येतो. व्यवस्था चांगली आहे. पण सल्ला ज्याच्या मोबाइलवर येतो त्याच्या नावावर सातबारा असतो, आणि पान जिच्या हातात असतं तिच्या नावावर बहुधा काहीच नसतं. महिलांच्या वेगळ्या शेतीशाळाही होतात, पण रोजावर आलेली बाई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तिथं बसणार नाही, आणि तिनं बसावं अशी अपेक्षाही करू नये.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या कृषी सहायकांना आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राला विनंती आहे. येत्या हंगामात टोमॅटोची निदान एक शेतीशाळा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बांधावर भरवा. भाषण करू नका. दहा रुपयांचं भिंग द्या आणि कोणतं पान वेगळं दिसलं ते विचारा. जिनं दाखवलं तिचं नाव आणि तारीख नोंदवहीत लिहा, आणि त्या तासाची मजुरी तिला द्या.